कात्रीला बाजू असते

१३ ऑगस्ट हा जगभरच्या डावखुऱ्यांचा दिवस. तो जवळ आला की फोनवर जाहिरातींचा सुळसुळाट होतो. यंदा भाचीनं मला असाच एक संच पाठवला : कात्री, पीलर, शार्पनर, उजवीकडून डावीकडे आकडे मोजणारी पट्टी, उजव्या कडेला स्प्रिंग असलेली वही आणि चहाचा मग. सगळं ‘खास डावखुऱ्यांसाठी’. खाली प्रश्न, ‘आत्या, मागवू का तुझ्यासाठी?’

मी मगापाशीच अडकले. मगाला कसली आलीय बाजू? फोटो मोठा करून पाहिला तेव्हा उलगडा झाला. मग डाव्या हातात धरला की त्याच्यावरचं चित्र आपल्या तोंडासमोर येतं. बस, एवढंच. चहा कुठल्याही हातानं प्यायला तरी सारखाच लागतो, पण या मगाला जास्तीचे पैसे!

जगात दहातला एक माणूस डावखुरा. एवढं मोठं गिऱ्हाईक कोण सोडेल? लंडनमध्ये तर १९६८ सालीच फक्त डावखुऱ्यांच्या वस्तूंचं दुकान निघालं होतं. माझी तक्रार दुकानाबद्दल नाही. माझं म्हणणं इतकंच की या वस्तूंमध्ये गरजेच्या किती आणि कौतुकाच्या किती, हे आम्हा डावखुऱ्यांना विचारून ठरवावं. वहीचंच बघा. मराठी डावीकडून उजवीकडे लिहायची, त्यामुळे नेहमीच्या स्प्रिंगच्या वहीत आमचं मनगट त्या तारेवर टेकतं आणि पान संपेपर्यंत कातडीवर वळ उठतात. खरा त्रास आहे. पण त्यावर उजवीकडे तार लावणं हा उपाय नव्हे, तार वरच्या कडेला लावा. तसल्या वह्या मिळतात, त्या दोन्ही हातांना चालतात आणि त्यांच्यावर कुणाचं नाव छापावं लागत नाही. पट्टीचंही तेच. शार्पनरचंही जवळपास तेच.

कात्रीचं मात्र तसं नाही.

कात्री नुसत्या धारेवर कापत नाही. तिची दोन पाती एकमेकांना घासत मिटतात आणि ती घसट कापण्याचं निम्मं काम करते. उजव्या हातात कात्री धरली की अंगठा नकळत बाहेर रेटतो, बोटं आत ओढतात आणि त्या तिरप्या जोरानं पाती एकमेकांवर दाबून बसतात. तीच कात्री डाव्या हातात आली की तोच जोर पात्यांना फाकवतो. मग कापड कापलं जात नाही, दोन पात्यांच्या मध्ये दुमडून बसतं. शिवाय वरचं पातं उजवीकडे असल्यामुळे कापायची रेघ त्याच्या आड जाते. कुठे कापतोय हे बघायला मान वाकडी करायची, मनगट वाकडं करायचं, तरी कड दातेरी ती दातेरीच. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला माझे घोटीव कागदाचे आकाशकंदील बघून बाई विचारायच्या, ‘हे उंदरांनी कुरतडलंय का गं?’ वर्ग हसायचा, मीही हसायचे. त्या वयात कात्रीला बाजू असते हे ना मला ठाऊक, ना बाईंना.

‘मग कात्री उलटी धर की!’ हा सल्ला मला आयुष्यभर मिळालाय. उजव्या पायाची चप्पल पालथी केली म्हणून डाव्या पायाची होत नाही. कात्री कशीही फिरवा, वरचं पातं उजवीकडेच राहतं. घरी बसल्या बसल्या करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरच्या गल्लीत एक धारवाला येतो. सायकल स्टँडवर उभी करायची, पायडल मारायचं की पुढचं दगडी चाक फिरतं. एकदा त्याला विचारलं, ‘दादा, मधला स्क्रू काढून पाती अदलाबदल करून बसवली तर?’ तो काही बोलला नाही. कात्री घेतली, स्क्रू सोडवला आणि दोन्ही पाती आमच्या पायरीवर शेजारी शेजारी ठेवली. पात्याची आतली बाजू जवळजवळ सपाट, बोट फिरवलं तर किंचित खोलगट. बाहेरची बाजू उतरती, धारेकडे घासत आणलेली. ‘अदलाबदल केली की ही उतरती अंगं आत येतात ताई. पाठीला पाठ लावून कात्री चालत नाही.’ मग त्यानं ती पुन्हा जोडली, मिटली आणि माझ्या डोळ्यांसमोर उजेडात धरली. मिटलेल्या पात्यांच्या मधून उजेडाची बारीक चीर दिसत होती. ती खोलगट बाजू मुद्दाम ठेवलेली असते. त्यामुळे पाती एका वेळी एकाच बिंदूवर भेटतात आणि कात्री मिटत जाते तसा तो बिंदू टोकाकडे सरकत जातो. त्याच्या पिशवीत मेरठच्या कात्र्या होत्या. भंगारातल्या गाड्यांच्या पोलादातून घडवलेल्या या कात्र्यांना २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. त्यातली एकही डावी नव्हती. ‘कुणी मागतच नाही,’ तो म्हणाला. मागणार कोण? ज्याला डावी कात्री असते हेच माहीत नाही, तो मागणार कसा?

पुढे मला खरी डावी कात्री मिळाली. नवऱ्यानंच मागवली, वाढदिवसाला. आणि त्या कात्रीनं मला कापताच येईना! इतक्या वर्षांत माझ्या हातानं आपलं आपण शिकून घेतलं होतं की अंगठा बाहेर रेटायचा नाही, आत ओढायचा. उजव्या कात्रीशी असा तह करून बसलेल्या हाताला डावी कात्री परकी वाटली. अजूनही ब्लाउजपीस कापताना मी जुनीच घेते. म्हणून माझं ठाम मत झालंय, डावी कात्री द्यायची तर पोराला बालवाडीत द्या. हाताला वळण लागून गेल्यावर दिलेली कात्री ही शोभेची वस्तू.

बाकी स्वयंपाकघरात मी सुखी आहे म्हणायला हरकत नाही, कारण आपलं जुनं स्वयंपाकघर फार समजूतदार होतं. लाटण्याला बाजू नाही. वरवंट्याला नाही, बत्त्याला नाही, मुसळाला नाही, रवीला नाही. विळीचं पातं जागेवर उभं असतं आणि भाजीच त्याच्याकडे चालत येते, त्यामुळे कुठला हात पुढे आहे याच्याशी विळीला देणंघेणं नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई ओट्याशी उभ्या राहून माझी पोळी बघत होत्या. मला वाटलं, आता जाडीवरून बोलणार. त्या म्हणाल्या, ‘अगं, तुझी पोळी उलटी फिरते गं!’ खरंच, त्यांची पोळी पोळपाटावर ज्या दिशेनं फिरायची, माझी त्याच्या विरुद्ध. तव्यावर दोघींचीही फुगायची, मग तो विषय तिथंच मिटला. हळदीकुंकू, तीर्थ, प्रसाद आणि जेवण उजव्या हातानं, हे मात्र लहानपणीच अंगवळणी पाडलेलं. त्याबद्दल मला आज राग नाही. ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी, आमटी उजवीकडे, ही सगळी मांडणी उजव्या हाताच्या सोयीची आहे. पण ती इतकी देखणी आहे की मी तिच्याशी कधी भांडले नाही.

भांडण सुरू होतं ते पीलरपासून. साध्या पीलरच्या पात्याला चिरेच्या एकाच कडेला धार असते. उजव्या हातानं ओढलं की साल निघते, डाव्या हातानं ओढलं की बोथट कड बटाट्यावरून नुसती घसरते. मग आम्ही तो आपल्यापासून दूर ढकलत चालवतो आणि बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. ब्रेडच्या दातेरी सुरीचंही तेच. दात एकाच अंगानं घासलेले, त्यामुळे माझ्या हातून कापलेली स्लाइस वर जाड आणि खाली पातळ. आडव्या पात्याचा, दोन्ही कडांना धार असलेला पीलर आला तेव्हा मला कोण आनंद झाला! त्याच्यावर ‘डावखुऱ्यांसाठी’ असं कुठेही लिहिलेलं नाही.

चहाच्या पातेल्याची गोष्ट निराळी. एका चोचीच्या पातेल्याचा दांडा हातात धरला की चोच डावीकडे येते, म्हणजे उजव्या हातानं आत, आपल्याकडे ओतायला सोपी. मी डाव्या हातात धरलं की चहा पलीकडे बाहेर ओतायला लागतो. कप तिकडे, मी इकडे. यावर तोडगा काढायला भांडी बाजारात गेले होते. गोदावरी चढली की आधी या सराफ बाजार-भांडी बाजाराच्या दुकानदारांची झोप उडते, आणि पाणी उतरलं की आठवड्याभरात तीच दुकानं पुन्हा लखलखत असतात. त्यातल्या एका जुन्या दुकानात गेले. म्हातारे मालक गल्ल्यावर. म्हटलं, ‘काका, चोच उजवीकडे असलेलं पातेलं आहे का?’ त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. पैसे मी डाव्या हातात धरले होते.

‘डाव्या हाताच्या का?’

‘हो.’

त्यांनी पोऱ्याला आत पिटाळलं. तो दोन्हीकडे चोच असलेलं पातेलं घेऊन आला. ‘हे घ्या. हे हॉटेलवाले नेतात, त्यांना घाई असते, कुठूनही ओततात. आता घरात तुम्ही ओता, नाहीतर साहेब ओतू देत, तक्रार नाही.’ आणि हसून म्हणाले, ‘ताई, उजवीकडे चोच केली असती तर साहेबांची पंचाईत झाली असती ना!’

मला जे म्हणायचंय ते त्या काकांनी पातेल्यावरून सांगितलं. माझ्यासाठी वेगळं काही करू नका. कुणाची बाजू न घेणारं करा, जिथं जमेल तिथं. आणि जिथं खरोखरच जमत नाही, तिथं दोन करा.

कुठं जमत नाही याचीही गंमत असते. आमच्या घरात क्रिकेट आणि हॉकी दोन्हींचा नाद. क्रिकेटच्या बॅटला बाजू नाही, तीच बॅट डावरा घेईल आणि उजवाही. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हातानं आणि खेळला उजव्या हातानं. त्याला बॅटनं कधी अडवलं नाही. हॉकी स्टिक मात्र एकाच बाजूनं सपाट, आणि डावी स्टिक नियमातच बसत नाही. डावखुऱ्यानं हॉकी खेळायची तर उजव्या स्टिकनंच खेळायची. दुसरं उदाहरण स्क्रूचं. आपला पंजा बाहेरच्या बाजूला पिळताना दंडाचा मोठा स्नायू कामाला येतो. उजव्या हातानं तसं पिळलं की स्क्रू आवळला जातो, डाव्या हातानं पिळलं की सुटतो. म्हणजे स्क्रू आवळताना आम्ही कमजोर आणि सोडवताना दांडगे. आमच्या घरात लोणच्याच्या बरणीचं झाकण अडकलं की मला हाक येते. जगानं दिलेला एवढा एक फायदा मी पुरेपूर वसूल करते.

ऑफिसात, म्हणजे आमच्या पतसंस्थेत, काउंटरवरचं पेन दोरीनं उजवीकडे बांधलेलं असतं आणि दोरी नेमकी अशी आखूड की डाव्या हातात घेतलं की स्लिपवरून ती आडवी जाते. सही करायला आलेला डावखुरा मला लांबूनच ओळखू येतो. तो आधी खिसा चाचपतो. त्या मानानं मराठी टायपिंग फार न्यायी. इन्स्क्रिप्टच्या कळफलकावर स्वर आणि मात्रा डाव्या हाताखाली, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताखाली. क उजव्यानं, काना डाव्यानं. दोघांशिवाय शब्द सहसा पुरा होत नाही.

पण ‘जिथं जमत नाही तिथं दोन करा’ हे मी कुठल्या कंपनीकडून शिकले नाही. माझं माहेर दिंडोरी तालुक्यात. आजी डावरी होती आणि तिचं खुरपंही डावरं. खुरप्याचं पातं दांड्याच्या एका अंगाला वळलेलं असतं, धारही त्याच हिशेबानं. उजव्या हाताचं खुरपं डाव्या हातानं चालवलं तर ते गवताच्या मुळाशी जायच्या ऐवजी आपल्याच बोटांकडे येतं. आठवडी बाजाराच्या कडेला घिसाडी पाल टाकून बसायचे. घिसाडी सांडशीत लालभडक लोखंड धरून ऐरणीवर ठेवायचा आणि घिसाडीण घण उचलून मारायची. आजी जाऊन उभी राहायची आणि फक्त आपला डावा हात पुढे करायची. घिसाडी मान डोलवायचा, पातं गरम असतानाच दुसऱ्या अंगाला वळवायचा. एवढंच. वेगळी वस्तू नाही, वेगळं नाव नाही, एक पैसा जास्त नाही. खरेदी करणारी बाई समोर उभी आहे आणि लोखंड अजून मऊ आहे, तोवर बाजू ठरायचीच असते. कारखान्यात साचा आधीच बनतो, आणि साचा बनवणाऱ्यासमोर कुणी हात पुढे करून उभं नसतं.

आता दादाच्या शेतात भाजीपाला नाही, द्राक्षं आहेत. आमच्याकडे वर्षातून दोनदा बागेची छाटणी. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. छाटणीच्या कात्रीला सगळे सिकेटरच म्हणतात. तिला एकच धारेचं पातं आणि दुसरीकडे बोथट आकडा. पातं आकड्याला घासून पुढे जातं. धारेचं पातं वेलीवर राहणाऱ्या काडीच्या बाजूला हवं आणि बोथट आकडा टाकून द्यायच्या तुकड्याच्या बाजूला. उलट झालं तर चेचलेला भाग वेलीवर राहतो आणि काडीच्या डोळ्याजवळची, म्हणजे कोंब फुटतो तिथली, जखम नीट भरत नाही. उजव्या हाताचं सिकेटर डाव्या हातात आलं की नेमकं हेच उलट होतं, नाहीतर दर काडीला मनगट पिळायचं. मिटून ठेवायचा खटकाही उजव्या अंगठ्याच्या जागी.

यावर अडकित्त्याच्या जातीचं सिकेटर मिळतं. अडकित्त्याचं पातं खालच्या दांड्यावर सरळ येऊन बसतं, बाजूनं घासून जात नाही, त्यामुळे सुपारी कुठल्याही हातानं कातरा. तसल्या सिकेटरलाही बाजू नाही. पण ओली काडी ते चेचतं. वाळलेलं लाकूड असेल तर ठीक, द्राक्षाला नको. म्हणजे बिनबाजूचं औजार हाताशी असूनही इथं कामाचं नाही. इथं दोनच करावी लागतात, आणि करणारे करतातही. स्वित्झर्लंडच्या फेल्कोची ९ आणि १० नंबरची सिकेटर डाव्या हाताची असतात. पातं, आकडा, खटका, सगळं आरशात पाहिल्यासारखं उलट. विरळणीच्या, म्हणजे घडातले जास्तीचे द्राक्षमणी काढायच्या, बारीक टोकदार कात्रीचं एवढं नाही. मणी कापायला जोर लागत नाही, तिथं दोन्ही हात खपून जातात.

दादाकडे छाटणीला सुरगाण्याकडची टोळी येते. त्यात एक बाई डावरी. तिच्या ओळीत काड्यांचे खुंट कधी उंच राहायचे, कधी चेचलेले, आणि मुकादम तिच्यावर खेकसायचा. काम हळू होतं म्हणायचा, हात वाकडा आहे म्हणायचा. मी तेव्हा दिवाळीआधी माहेरी गेले होते. मी तिच्या हातातलं सिकेटर घेतलं, माझ्या डाव्या हातानं दोन काड्या छाटून मुकादमाला दाखवल्या. अगदी तिच्यासारख्याच आल्या. मग दादाला म्हटलं, बाई बदलू नकोस, सिकेटर बदल. दादा हिशेबी माणूस. ‘एका मजुरासाठी एवढं महागाचं?’ वहिनी म्हणाली, ‘औषधाच्या एका फवारणीला किती घालवता ते सांगू का?’ आलं सिकेटर.

त्या बाईनं पहिल्या दिवशी ते हातात घेतलं, दोन-चार काड्या तोडल्या आणि खटका अंगठ्यानं उघडमीट करत राहिली. माझ्या कात्रीसारखं तिचं झालं नाही. संध्याकाळपर्यंत हात बसला. आता मुकादम खेकसत नाही, तिला ओळीच्या तोंडाशी उभी करतो. शिवाय दादाला एक फायदा आपसूक मिळाला. शेडमधली सिकेटर दर छाटणीला गायब होतात. कुणी शेजारी उसनं नेतो, कुणी पिशवीत टाकून विसरतो. हे मात्र रोज संध्याकाळी खिळ्याला लटकलेलं असतं, कारण ते कुणाला चालवताच येत नाही.

गेल्या गोडी छाटणीला शेजारच्या वस्तीवरून एक जण ते मागायला आला. दादाला वाटलं, चेष्टा करतोय. तो म्हणाला, ‘नाय हो, आमच्या पोराला बी डाव्याच हाताची सवय हाये. दोन दिस द्या, बघतो.’ दादानं दिलं नाही. दुकानाचा नंबर दिला आणि बजावलं, ‘मागवताना डाव्या हाताचं सांगा, नाहीतर ते उजवंच धाडतील.’